चांदीचं एक नाणं

स्मरणिका समितीची मंडळी लेख मागायला आली तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास सचिव लिहीतच आहेत, मी काय वेगळं लिहू? तर उत्तर आलं, "काका, तुमच्या नाण्यांवर लिहा. रौप्यमहोत्सव आहे, चांदीचंच काहीतरी असू द्या." म्हणून हा लेख एका चांदीच्या नाण्याचा. ते माझ्याकडे नाही. एकदा दोन मिनिटं हातात होतं, तेवढंच.

१९८४ सालची गोष्ट. लातूर जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती आणि मी त्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. पेरणीचे दिवस म्हणजे सोनेतारण कर्जाची गर्दी. एक शेतकरी बाई दोन पुतळ्या आणि मणी घेऊन आली. सराफाने कसोटीच्या दगडावर सोनं घासून पाहिलं, वजन केलं. तेवढ्यात तिने कनवटीची गाठ सोडून आणखी एक वस्तू काउंटरवर ठेवली. "साहेब, हे बी घ्या की. सासूच्या गळ्यातलं हाय. शेतात घावलं व्हतं."

ते चांदीचं नाणं होतं. रुपयापेक्षा लहान, पण जाड. वर डाग देऊन कडी बसवलेली. एका बाजूला पुरुषाचं डोकं, डोक्यावर पानांची माळ, भोवती इंग्रजीसारखी अक्षरं. राणीचं नव्हतं, निजामाचं तर नव्हतंच. आणि त्या चेहऱ्यावर छिन्नीने मारल्यासारखा एक खोल आडवा घाव. सराफ म्हणाला, "चांदी आहे, तारणात चालत नाही." नियमाने बरोबरच होतं. मी नाणं परत केलं. आठवड्याने ती बाई हप्त्याचं विचारायला आली तेव्हा मी सहज चौकशी केली. "मोडीत दिलं की," ती म्हणाली. म्हणजे मुशीत गेलं.

पुढे वीस वर्षं हे मी विसरलो होतो. निवृत्तीनंतर आपल्या सोसायटीत राहायला आलो, वाचनालयात बसू लागलो, आणि एके दिवशी नाण्यांवरच्या एका पुस्तकात तेच डोकं समोर आलं. रोमचा सम्राट तिबेरियस, राज्यकाळ इ. स. १४ ते ३७. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. आणि खाली लिहिलेलं की भारतात सापडणाऱ्या अशा बऱ्याच नाण्यांवर मुद्दाम केलेला घाव असतो. आत तांबं भरून वर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी तेव्हाही निघत, म्हणून आपले लोक छिन्नी मारून पाहत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे आमच्या सराफाचंच काम. माझ्या हातातलं नाणं तेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं.

रोमचं नाणं लातूरकडे कसं येईल, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर तेरमध्ये आहे. लातूरहून मुरूड, ढोकी करत एस. टी.ने जाता येतं. आपण तेरला जातो ते गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला. पण तेच तेर दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' म्हणून परदेशात माहीत होतं. इजिप्तच्या बाजूच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन लिहिलं. त्यात तो सांगतो की भडोच बंदराहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधं कापड व मलमल, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बैलगाड्यांनी भडोचला जात. पैठणची गोदावरी पुढे आपल्या नांदेडला येते, म्हणजे हा सगळा आपलाच मुलूख.

याच पुस्तकातली एक ओळ वाचून मी खुर्चीतून उठलोच. रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला आणावीत, तिथल्या चलनाशी बदलताना नफा होतो, असं तो व्यापारी लिहितो. परकीय चलनाचं काउंटर सांभाळलेल्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार?

तिकडे रोमचा प्लिनी तक्रार करत होता की भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे ते चांदीचं नाणं. सुमारे सव्वा कोटी दिनारियस झाले. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने या नाण्याचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केली. भारतात सापडलेल्या चांदीच्या ठेव्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचीच नाणी जास्त, नीरोनंतरची थोडी. आपल्या लोकांना पारख होती, हे यावरून दिसतं. तेरला तर रोमन नाण्यांच्या नकलेच्या मातीच्या चकत्याही मिळाल्या आहेत, गळ्यात घालता येतील अशा. परक्या नाण्याचा दागिना करायची आपली हौस जुनीच. आपली पुतळीसुद्धा मूळची व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली.

तेर गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आज तिथे आहे. तिथली हस्तिदंती बाहुली जरूर पाहा. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई इथे मिळाली, जे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. लामतुऱ्यांच्या संग्रहाला किंमत आली ती यासाठी, की या वस्तू तेरच्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

हे मला फार उशिरा कळलं. आधी मी नाणी विकत घ्यायला निघालो. हातचं गेलेलं नाणं निदान पैसे देऊन तरी मिळवावं, असा हट्ट होता. पुण्याच्या एका प्रदर्शनात पहिलं रोमन नाणं घेतलं, ४०० रुपयांना. कॉन्स्टंटाइनच्या काळातलं तांब्याचं, दोन सैनिक आणि मधे निशाण. नवशिक्याने यापासूनच सुरुवात करावी. ही नाणी हजारोंनी निघाली आहेत, म्हणून स्वस्त मिळतात.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पुढच्या वर्षी एका विक्रेत्याने तिबेरियस दाखवला. "तेरच्या शेतातला आहे," एवढंच तो म्हणाला आणि मी विरघळलो. ६,५०० रुपये मोजले. पावती मागितली नाही. घरी ६५० सांगितले. (हे आमच्या सौ. इथेच पहिल्यांदा वाचतील.) दोन वर्षांनी दुसऱ्या एका प्रदर्शनात तेच नाणं टेबलावर दिसलं. कानाशेजारी तोच खड्डा, हनुवटीखाली तोच ओरखडा. हाताने ठोकलेली दोन नाणी कधी अशी जुळत नाहीत. एकाच नंबरच्या दोन नोटा दिसल्या तर कॅशियर काय समजतो? घरी येऊन भिंग लावलं. कडेला साच्याची बारीक रेघ, अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. सोनाराकडच्या काट्यावर वजन २.९ ग्रॅम भरलं, खरं असतं तर पावणेचारच्या आसपास भरतं. ३६ वर्षं खोट्या नोटा बोटांनी ओळखल्या आणि स्वतःच्या पैशाने ओतीव नाणं घेतलं!

मला फसवलं ते नाण्याने नाही, त्या एका वाक्याने. 'तेरच्या शेतातला.' त्या वाक्याचीच किंमत मी मोजली होती. आणि जिच्याकडे हे वाक्य खरं होतं, त्या बाईला मी १९८४ साली एक प्रश्न विचारला नाही. कुठल्या शेतात, किती खोल, आणखी काही होतं का? विचारायला पाच मिनिटं लागली असती. तिबेरियसची नाणी जगात पुष्कळ आहेत. त्या शिवारातलं ते एकच होतं.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सरकारने ते ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूद आहे. मोडीत कोण एवढं देतं? मी बँकेचा अधिकारी, मला हे माहीत असायला हवं होतं.

सोसायटीतल्या बऱ्याच घरांची अजून गावाकडे शेती आहे, जुन्या पेट्या आहेत. माझी विनंती एवढीच. जुनं नाणं दिसलं तर चिंच लावून घासू नका. कुठे, कधी, कोणाला सापडलं ते चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. शेतात निघालं तर तहसील कार्यालयात कळवा. विकत घ्यायची हौस असेल तर परवानाधारकाकडून, पावती घेऊन, आणि गोष्ट ऐकून नव्हे, वजन करून घ्या.

मुलांना नाणी पाहायची असतील तर रविवारी सकाळी घरी पाठवा. खरा कॉन्स्टंटाइन आणि खोटा तिबेरियस शेजारी शेजारी ठेवले आहेत. खोटा कोणता ते ज्याने आधी ओळखलं त्याला सौ.च्या हातचा लाडू.