परसातल्या कोंबड्या: अंडी हवीत तर आधी मानमोडी रोखा

गावरान कोंबडी उकिरड्यावर, बांधावर फिरून किडे, दाणे टिपते. त्यामुळे खाद्याचा खर्च कमी येतो. पण मानमोडी (राणीखेत) आली की चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं होतं. तिच्यावर औषध नाही, लसच घ्यावी लागते.

लस: पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून घ्यावी. लस बर्फातच आणावी. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरावी.

खाद्य: संध्याकाळी दर कोंबडीला 30-40 ग्रॅम मका, ज्वारी किंवा कणी. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

खुराडं: जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बारीक जाळीचं. मुंगूस आणि रानमांजर फटीतूनच शिरतात, म्हणून दिवस मावळताच कोंबड्या मोजून दार लावावं.

अंडी: चार-पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याची एक पाटी. अंडी रोज उचलावीत. खुडूक कोंबडी उबवायला बसवायची नसेल तर काही दिवस वेगळी ठेवावी, ती लवकर परत अंड्यावर येते.