मराठी गद्याचे पान : मोडी दफ्तरापासून विरामचिन्हांपर्यंत

वैनगंगेच्या खोऱ्यातील चामोर्शी परिसर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तले आणि इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. त्या राजवटीचा मराठी कारभार मोडीत चाले. तेव्हाचा कागद आज चामोर्शीतील मराठी पदवीधरापुढे ठेवला, तर भाषा त्याचीच असूनही त्याला तो लागत नाही. याचे कारण केवळ अक्षरांच्या वळणात शोधणे अपुरे ठरते. मुळात पानाची मांडणीच निराळी आहे.

मोडी लिहिणारा कारकून प्रथम ओळभर शिरोरेघ ओढी व मग तिच्याखाली अक्षरे लिही. लेखणी शक्यतो उचलली जात नसल्याने दोन शब्दांत अंतर राहत नसे. पूर्णविराम, स्वल्पविरामही नसत. मात्र त्यावरून या लेखनाला शिस्तच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. विरामचिन्हांचे काम शब्दच करीत. 'ऐसियास' आले की मुद्दा पुढे सरकला, 'बितपशील' आले की खाली बाबवार यादी आहे, 'जाणिजे' आले की आज्ञा पुरी झाली, हे सरावलेल्या वाचकास कळे. 'कलम' लिहून विषय वेगळे केले जात. पत्राअखेरीस लेखनसीमेचा शिक्का उमटे. मागाहून मजकूर घुसडण्यास वाव राहत नसे. पद्याच्या पोथीत तर ओवीअखेर दंड व क्रमांक असत. म्हणजे खूण ठाऊक होती. दफ्तरी गद्याला तिची निकड नव्हती, कारण ते वाचणारा त्याच कामात मुरलेला असे.

छापखान्याने हा वाचक बदलला. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'ने इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत दिला. दोन लेखनपद्धती एकाच पानावर आल्या. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजवली. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० ची. सरकारी क्रमिक पुस्तकेही त्यांच्या हाताखालून जात, त्यामुळे ही चिन्हे पंडितांच्या चर्चेत न अडकता मुलांच्या डोळ्यांना सवयीची झाली. कँडींनी मराठीला इंग्रजी वळण लावले हा आक्षेप पुढे घेतला गेला, व तो अगदीच निराधार नाही. तथापि १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमाले'तील चिपळूणकरांची लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेली वाक्ये याच चिन्हांच्या आधाराने उभी आहेत.

अक्षराची सुबकता हा वेगळा विषय. तेथे १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींचे ऋण मोठे आहे. १९६२ च्या शासनमान्य लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि ओळीवरील टिंबांची गर्दी ओसरली.

दरम्यान विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली. जुनी सनद किंवा वतनाचा कागद उलगडायचा, तर वारसदाराला आजही मोडी जाणणाऱ्याचे दार ठोठवावे लागते.