पन्नास टक्क्यांची कुळकथा

आरक्षणाचा वाद पेटला की पन्नास टक्क्यांची मर्यादा हटकून पुढे येते. ती राज्यघटनेतच लिहिलेली आहे असे पुष्कळ जण धरून चालतात. मूळ घटनेत असा आकडा कुठेही नव्हता. तो आला कॉलेज-प्रवेशांच्या एका खटल्यातून.

३१ जुलै १९६२ ला म्हैसूर सरकारने आदेश काढून मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा वाटल्या. मागासांना २८ टक्के, अतिमागासांना २२, अनुसूचित जातींना १५, जमातींना ३. बेरीज ६८. बालाजी आणि इतर विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन महिन्यांच्या आत निकाल लागला. तो लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. मागासपण केवळ जातीवरून ठरवले, हा एक आक्षेप त्यात होता. दुसरा आक्षेप प्रमाणाचा. ढोबळमानाने अशी तरतूद निम्म्याच्या आत असावी आणि किती आत, ते त्या त्या परिस्थितीवर ठरावे, असे न्यायालय म्हणाले. आकड्यामागे जनगणना नव्हती, शाळागळतीचा हिशेबही नव्हता. मागासांचे हित आणि बाकी समाजाचे हित यांचा तोल साधण्यासाठी न्यायाधीशांनी बांधलेला तो अंदाज होता.

विचाराचे बीज मात्र जुने होते. ३० नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ७० टक्के राखीव आणि ३० टक्के खुल्या जागांचे काल्पनिक उदाहरण घेऊन सांगितले होते, की समान संधीचे तत्त्व टिकवायचे तर राखीव जागा अल्पसंख्य असायला हव्यात. पन्नास हा आकडा त्यांनी उच्चारला नव्हता.

कोल्हापुरात तो त्याहून कितीतरी आधी उच्चारला गेला होता, पण नेमका उलट अर्थाने. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के मागासांना राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळता बाकी सगळे मागास. ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातलीच करायची. महाराजांसाठी निम्मे ही किमान पातळी होती, तिथवर पोहोचायचेच होते. १९६२ मध्ये तेच निम्मे छत झाले. शिक्षण आणि नोकरी ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत हे मान्य करूनही ही उलटापालट मला फार महत्त्वाची वाटते.

छत एकदा बसल्यावर आकडेच त्याच्या मापाने कापले जाऊ लागले. मंडल आयोगाने १९८० मध्ये इतर मागासवर्ग लोकसंख्येच्या ५२ टक्के असल्याचे मांडले आणि शिफारस केली २७ टक्क्यांची, कारण अनुसूचित जाती-जमातींचे साडेबावीस धरून बेरीज पन्नासच्या आत राहायला हवी होती. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती मर्यादा पक्की केली, अपवादाला जागा ठेवली ती दुर्गम भागांसारख्या असाधारण परिस्थितीपुरती. तमिळनाडूने ६९ टक्क्यांचा कायदा न्यायालयीन आव्हानापासून वाचवायला घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालून घेतला. महाराष्ट्रात आधीच ५२ टक्के आरक्षण असताना मराठा आरक्षणाचा कायदा आला आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. इंद्रा साहनीचा फेरविचार करायलाही न्यायालयाने नकार दिला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांना मान्यता देताना मात्र त्याच न्यायालयाच्या बहुमताने सांगितले, की मर्यादा अलंघ्य नाही आणि ती सामाजिक मागासांच्या आरक्षणापुरतीच आहे. म्हणजे जे वर्ग शतकानुशतके वर्गाबाहेर राहिले त्यांच्यावरच छत उरले. हे मला अन्यायाचे वाटते. ३२ जागा खुल्या राहिल्या तर गुणवत्ता मरते आणि ५० राहिल्या तर जगते, हे १९६२ मध्ये कुणी दाखवले नव्हते. आज मेडिकलच्या प्रवेशासाठी ती रेघ पुढे करणाऱ्याने ते आकड्यांनिशी दाखवावे, आणि ती ओलांडू पाहणाऱ्या सरकारनेही मागासपणाचा हिशेब तितक्याच चोखपणे मांडावा.