विश्रांती आणि कृतज्ञता (ख्रिस्ती जीवन व सेवा)

विश्रांती हा सेवेचाच भाग आहे, ही ख्रिस्ती धारणा शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याच्या, आज्ञेतून येते. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात दास, दासी, गुरे आणि उपरे यांनाही विसावा सांगितला आहे. कारण दिले आहे ते मिसरातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचे स्मरण. म्हणजे हा विसावा मुळातच कृतज्ञतेवर उभा आहे. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण साजरा करताना नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतो, तेव्हा कष्टाचे पीकही देणगी म्हणूनच स्वीकारले जाते.

पण रुग्ण दारात उभा असताना विसावा ही चैन नव्हे काय? गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशासारख्या दुर्गम भागात हा आक्षेप फार खरा वाटतो. तेथील लोकबिरादरी प्रकल्प ख्रिस्ती नाही, पण 1973 पासून माडिया आदिवासींमध्ये चाललेल्या त्याच्या वैद्यकीय कामाकडे पाहिले की प्रश्नाचे वजन कळते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात येशू दमलेल्या शिष्यांना एकांती विसाव्याला नेतो, तरी मागून आलेल्या लोकसमुदायाला परतवत नाही. गरज विसावा पुढे ढकलू शकते, रद्द करू शकत नाही. म्हणून सेवकांना पाळीपाळीने मोकळे करणे ही मंडळीची जबाबदारी आहे. एकाच्याच थकव्यावर चालणारी सेवा शब्बाथाच्या आज्ञेत बसत नाही.