विम्याचा पैसा कुणी खाल्ला?

विम्यातली फसवणूक म्हटलं की खोटी बिलं लावणारा ग्राहकच डोळ्यांसमोर येतो. मला मात्र १९५५ साल आठवतं.

भारत इन्शुरन्स कंपनीत लोकांनी पोटाला चिमटा काढून हप्ते भरलेले. अध्यक्ष रामकृष्ण दालमियांनी तो पैसा सट्ट्यातला तोटा भरायला वळवला. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण बाहेर काढलं. पुढे दालमियांना तुरुंगवास झाला, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यांना दोषीच ठरवलं.

अशा गैरकारभारांमुळेच जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी, आपल्या रायगडच्या माणसाने, आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला. २४५ संस्था मिळून १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली.

खोटा क्लेम करणाऱ्याला पकडाच. पण मंडळी, तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा हिशेब कोण तपासतं, हेही विचारत राहा.