आमच्या काळी कॉपी नव्हती म्हणे!

परवा एक जुना मित्र भेटला. निवृत्तीनंतर एका खाजगी संस्थेसाठी नोकरीच्या मुलाखती घेतो. म्हणाला, "२०२० आणि २०२१ ला पदवी घेतलेल्यांचे अर्ज मी बाजूलाच काढतो. घरी बसून मोबाइलवर पेपर दिलेत, सगळे कॉपीबहाद्दर. आमच्या काळी असलं काही नव्हतं."

घरून दिलेल्या त्या परीक्षांत काय काय चाललं, ते मीही ऐकून आहे. तरी हा युक्तिवाद लंगडा आहे.

विद्यापीठ, बोर्ड आणि इतर परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा. तेव्हा मोबाइल सोडा, घरात साधा फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. कॉपी नव्हतीच, तर विधिमंडळाने कायदा कशाला केला? आमच्या केंद्रावर तर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या, आणि टाकणारे कोण, तर पोरांचे काका-मामा!

आता "सगळे" या शब्दाचं बघू. १९९२ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंह मुख्यमंत्री होते, राजनाथसिंह शिक्षणमंत्री. त्यांनी कॉपीविरोधी कायदा आणला. गुन्हा अजामीनपात्र, विद्यार्थ्यांना थेट अटक. त्या वर्षी दहावीचा निकाल १५ टक्क्यांच्याही खाली गेला, बारावीचा ३० च्या आसपास. यावरून लोक आजही हिशेब मांडतात की ८५ टक्के पोरं कॉपीवरच पास होत होती. असं कसं म्हणता येईल? निकाल एवढा कोसळला म्हणजे आधी कॉपी बोकाळली होती, हे कबूल. पण कॉपी न करताही दरवर्षी पोरं नापास होतातच की! शिवाय दारात पोलीस उभा असताना अभ्यास केलेल्याचीही गाळण उडते. ढिगाचा आकडा ढिगाबद्दल सांगतो. त्यातला अमुक एक मुलगा चोर होता, हे त्यावरून कळत नाही. (तो कायदा रद्द करण्याचं आश्वासन देत मुलायमसिंह १९९३ ची निवडणूक लढले आणि सत्तेत आल्यावर त्यांनी तो रद्द केलाही. तो विषय वेगळा.)

मित्राला विचारलं, "तुझी बी.कॉम. कधीची?"

"१९८१."

"म्हणजे कायदा यायच्या आदल्या वर्षीची! मग तुझ्याच न्यायाने तुझा अर्ज कुठल्या गठ्ठ्यात ठेवू?"

हसला. चहा मागवला. गठ्ठा अजून बाजूलाच आहे, आणि त्यात आमच्या शेजारच्या मुलीचाही अर्ज आहे.