पाळण्यातले पाय आणि करारातली सही

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. परंतु ते पाय पाहावयास पाळण्याजवळ कोण उभे होते, हे विचारण्याची आपली रीत नाही. फुटबॉलच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. ज्या क्लबांनी नाव मिळविले, त्यांतील काहींनी ते थैल्या ओतून मिळविले. आणि काहींनी इतरांनी नाकारलेली, अगर इतरांच्या दृष्टीसच न पडलेली, पोरे वेळेवर हेरून मिळविले. ह्या दुसऱ्या प्रकारच्या क्लबांची हकीकत आम्हांस अधिक रोचक वाटते. वकिली हा आमचा व्यवसाय असल्याने तिच्यातील पारखीइतकेच तिच्यातील कागदपत्रांकडेही आमचे लक्ष जाते. पारख जितकी लवकर, तितका मुलगा लहान. आणि मुलगा जितका लहान, तितकी त्याची सही कायद्याच्या दृष्टीने कच्ची. सारी मेख येथेच आहे.

इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड हा आज धनाढ्य क्लबांत गणला जातो. पण दुसरे महायुद्ध संपले तेव्हा त्याची अवस्था कर्जबाजारी पेढीसारखी होती. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बाँबफेकीत त्याचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले, आणि १९४९ पर्यंत त्यास प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर आश्रितासारखे खेळावे लागले. अशा क्लबाचे व्यवस्थापकपद १९४५ साली मॅट बस्बी यांनी पत्करले. विकत घेण्याची ऐपत नसेल तर पेरणी स्वतःच केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. युद्धापूर्वीच, १९३८ साली, क्लबाचे अध्यक्ष जेम्स गिब्सन व चिटणीस वॉल्टर क्रिकमर यांनी शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक कनिष्ठ क्लब स्थापिला होता. त्या रोपट्यास बस्बी व त्यांचे साहाय्यक जिमी मर्फी यांनी पाणी घातले.

क्लबाचे जुने पारखी लुई रोका हे इटालियन वंशाचे मँचेस्टरकर. त्यांनी पारखीचे जे जाळे विणले, त्यात कॅथलिक धर्मगुरूंचा मोठा भरणा होता. कोणत्या गल्लीत कोणता पोरगा चेंडूशी लीलया खेळतो, हे तेथील पाद्र्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? गोमंतकीय वाचकांस ह्याचे नवल वाटू नये. कारण आपल्याकडेही फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने, १८८३ साली, शिवोलीत, असे परंपरेने सांगतात. रोका यांच्यामागून ज्यो आर्मस्ट्राँग यांनी ते काम सांभाळले. हे गृहस्थ टपालखात्यात नोकरी करीत करीत मुले पाहत हिंडत. १९५३ च्या फेब्रुवारीत त्यांनी उत्तरेकडील कोळशाच्या खाणींच्या मुलुखात बॉबी चार्लटन नावाचा शाळकरी मुलगा पाहिला, आणि ते प्रथम बोलले ते मुलाच्या आईशी. पुढे अनेक क्लब त्या घराचे उंबरठे झिजवू लागले; तथापि आधी आलेल्या व आर्जवाने बोललेल्या माणसाचाच शब्द तेथे टिकला. मुलाने फुटबॉलच्या भरवशावर न राहता एखादा धंदाही शिकावा असा आईचा आग्रह होता, म्हणून तो आरंभी विद्युत्कामाची उमेदवारी करीत होता. आमच्या मते ती माऊली त्या साऱ्या पारख्यांहून शहाणी होती.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. चार्लटन, किंवा १९५२ साली पंधराव्या वर्षी क्लबात आलेला डडलीचा डंकन एडवर्ड्‌स, ही मुले काही दुर्लक्षित नव्हती. एडवर्ड्‌सची थोरवी सर्वांस दिसत होती, आणि घराजवळचा वुल्व्हरहॅम्प्टनचा बलाढ्य क्लब त्याच्यासाठी टपून बसला होता. अशा मुलांच्या बाबतीत यश मिळते ते घाईने व गोडीने. १९५३ ते १९५७ अशी पाचही वर्षे कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा युनायटेडने जिंकली. १९५६ व १९५७ साली तीच पोरे देशाची अजिंक्यवीर झाली. आणि ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिक येथील विमान अपघातात त्यांच्यातील आठजण गेले. एडवर्ड्‌स इस्पितळात पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून एकविसाव्या वर्षी वारला.

खरी पारख कसास लागते ती सर्वांनी नाकारलेल्या मुलाच्या बाबतीत. बेलफास्टचा जॉर्ज बेस्ट इतका कृश व ठेंगणा होता की त्याच्याच गावच्या ग्लेंटोरन क्लबाने त्यास नाकारले. युनायटेडचे तेथील पारखी बॉब बिशप यांनी त्यास वयाने मोठ्या मुलांविरुद्ध खेळवून पाहिले, आणि मगच मँचेस्टरला कळविले. ही रीत आम्हांस फार मार्मिक वाटते. लहानखुरा मुलगा बरोबरीच्यांत चमकला तर ती चपळाई म्हणता येईल. थोरांत टिकला तर ती बुद्धी होय. १९६१ च्या जुलैत तो पंधरा वर्षांचा पोर मँचेस्टरला गेला, आणि दोनच दिवसांत घराच्या ओढीने परत पळून आला! बस्बींनी त्याच्या वडिलांशी बोलणे केले, धाक घातला नाही, आणि पोरगा पुन्हा गेला. त्या वेळच्या नियमांमुळे उत्तर आयर्लंडच्या मुलास इंग्लिश क्लबात उमेदवार म्हणून घेता येत नसे. म्हणून त्यास मँचेस्टरच्या जहाज-कालव्याच्या कचेरीत निरोप्याची नोकरी लावून दिली, आणि संध्याकाळी तो सरावास येई. सतराव्या वाढदिवशी, २२ मे १९६३ रोजी, तो व्यावसायिक झाला.

ह्याच्या उलट डेनिस लॉ याचे उदाहरण पाहावे. ॲबर्डीनचा हा तिरळा, चष्मा लावणारा, काडीसारखा मुलगा १९५५ साली हडर्सफील्ड क्लबाने पंधराव्या वर्षी उचलला. तो सोळा वर्षांचा असताना बस्बींनी त्याच्यासाठी दहा हजार पौंड देऊ केले; हडर्सफील्डने नाकारले. १९६० साली तो मँचेस्टर सिटीकडे ५५ हजारांस गेला, १९६१ साली इटलीतील तोरिनोकडे १ लक्ष १० हजारांस, आणि १९६२ साली त्याच बस्बींनी त्यास १ लक्ष १५ हजार पौंड मोजून घेतले. उशिराने येणाऱ्यास काय मोजावे लागते, ह्याचा एवढा चोख हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याच सुमारास आपल्या गोव्यावर ज्यांचे राज्य होते, त्यांच्या दुसऱ्या वसाहतीत, मोझांबिकात, तसाच प्रकार घडत होता. लोरेंसो मार्किस (आजचे मापुतो) येथील गरीब वस्तीतील युसेबियो या मुलास बेन्फिकाशी संलग्न असलेल्या स्थानिक क्लबाने दारातूनच परत पाठविले. तेव्हा तो बेन्फिकाचा हाडवैरी जो स्पोर्टिंग, त्याच्या स्थानिक शाखेत गेला. ब्राझीलचे जुने खेळाडू बावेर यांनी त्यास दौऱ्यावर पाहिले व लिस्बनमध्ये बेन्फिकाचे शिक्षक बेला गुटमान यांच्या कानावर घातले. मुलगा अठराचा, आणि १८६७ च्या ज्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली त्या काळी मोझांबिक व गोवा दोन्ही होते, तिच्याप्रमाणे सज्ञान होण्याचे वय एकवीस! म्हणून बेन्फिकाची माणसे पैसे घेऊन त्याच्या विधवा आईकडे गेली. स्पोर्टिंगवाले मुलास आपली मिळकत समजत राहिले. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला उतरला. दोन क्लबांच्या तंट्यापायी त्यास काही काळ दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यावर दडवून ठेवण्यात आले, आणि १९६१ च्या मेपर्यंत त्यास बेन्फिकाकडून खेळता आले नाही. पुढे १९६६ च्या जागतिक स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे नऊ, गोल त्याचेच.

२९ मे १९६८ रोजी युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात हे दोन्ही प्रवाह समोरासमोर आले. युनायटेडने बेन्फिकाचा ४–१ असा पराभव केला. युनायटेडच्या अकराजणांपैकी स्टेपनी, क्रेरंड व डन हे तिघे सोडले तर बाकीचे कोवळ्या वयात घेऊन घरीच वाढविलेले होते. महागडा लॉ गुडघ्याच्या दुखण्याने त्या दिवशी मैदानाबाहेर होता.

आता कागदाकडे वळू. ह्या साऱ्या यशामागे पारख होती हे खरे. पण तिच्याइतकाच एक कठोर नियमही होता, आणि खेळाचे चरित्रकार त्याविषयी सहसा गप्प असतात. इंग्लंडात जानेवारी १९६१ पर्यंत खेळाडूच्या वेतनास कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्यास वीस पौंड. शिवाय कराराची मुदत संपली तरी क्लबाने त्यास आपल्या यादीत ठेवले, तर त्याला अन्यत्र खेळता येत नसे. म्हणजे सतराव्या वर्षी केलेली एक सही उभा जन्म बांधून ठेवी. लवकर सही घेण्यात एवढा फायदा होता तो काही अंशी ह्या वेठीमुळेच. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू ह्याविरुद्ध न्यायालयात गेला, आणि ४ जुलै १९६३ रोजी न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धती व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी निर्बंध ठरविली. तरीही पूर्ण मोकळीक मिळावयास १५ डिसेंबर १९९५ उजाडावा लागला. त्या दिवशी युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात असे ठरविले की, करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे जाताना जुन्या क्लबास मोबदला मागता येणार नाही.

खेळाडू सुटला, पण त्यास घडविणारा लहान क्लब उघडा पडला. म्हणून २००१ साली फिफाने दोन तरतुदी घातल्या: पहिल्या व्यावसायिक करारावेळी शिक्षणखर्चाची भरपाई, आणि कराराच्या मुदतीत खेळाडू परदेशी क्लबास विकला गेल्यास रकमेचा पाच टक्के भाग त्यास बाराव्या ते तेविसाव्या वर्षांच्या दरम्यान शिकविणाऱ्या क्लबांत वाटणे. अठरा वर्षांखालील मुलांस, काही अपवाद सोडता, देशाबाहेरून आणण्यासही त्याच नियमांनी मनाई केली. २०१४ साली खुद्द बार्सिलोनास ह्या नियमाच्या भंगापायी शिक्षा झाली.

आपल्याकडील कायदा ह्याहून निराळ्या जागी अडतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्रच नाही, आणि १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळापासूनच शून्य ठरविला. कोणी म्हणेल, बापाची सही घ्या. परंतु १९४९ च्या निकालसंग्रहात छापलेला, मुंबई उच्च न्यायालयाचा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा निकाल पाहावा. एका अज्ञान मुलीच्या वतीने बापाने चित्रपटातील कामाचा करार केला. निर्मात्याने तो मोडला. मुलीस दाद मिळाली नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या पोरास सही करावयास लावून क्लब त्याला बांधू शकत नाही, हे ठीक. पण शाळा, खुराक व औषधपाणी यांची जी वचने क्लबाने दिली, ती मोडल्यास त्या पोराच्या हातीही काही उरत नाही. कायदा देवतेस अज्ञानासमान मानतो, आणि तिची मिळकत सांभाळणाऱ्यावर विश्वस्ताचा भार टाकतो, हे आमच्या महाजन वाचकांस सांगावयास नको. पोराला हाताशी धरणाऱ्या क्लबाने आपले स्थान त्याच जातीचे समजावे.

गोव्यात पारखीची वाण नाही. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक (अर्जुन पुरस्कार १९९७, पद्मश्री २०२२) ह्याच मातीतला. कापणीनंतरच्या शेतांत आजही मुले चेंडू खेळतात, आणि १९९९ साली निघालेल्या सेसा अकादमीसारख्या संस्थांनी मुलांस रीतसर शिकविले. उणीव आहे ती दप्तराची. गावच्या क्लबात मुलगा बाराव्या वर्षांपासून खेळतो. पण त्याची नोंदणी कधी झाली, कोणत्या हंगामात तो कोणाकडे होता, ह्याचा कागद नसतो. तो मोठ्या क्लबाकडे जातो तेव्हा गावास उरते ते कौतुक. फिफाची भरपाई नोंदणीच्या तारखांवर मोजली जाते, साक्षीदारांच्या आठवणींवर नव्हे. तेव्हा गावच्या क्लबाने दर हंगामाच्या आरंभी मुलांची नोंदणी संघटनेकडे करावी, जन्मदाखल्याची नक्कल जपून ठेवावी. आणि मुलाच्या घरी दिलेली वचने कोकणीत अगर मराठीत लिहून, आईबापांस वाचून दाखवून, त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी. मुलगा अठरा वर्षांचा झाला की खरा करार त्याच्याशी नव्याने करावा, आणि त्या वेळी नकार देण्याची त्यास पूर्ण मुभा असावी.